ऑब्जेक्ट न बनवता क्लासचे सामायिक सदस्य कसे वापरावेत: जावा नव्याने शिकणाऱ्यांसाठी

जावा शिकायला बसलेला विद्यार्थी जो पहिला प्रोग्रॅम लिहितो, त्यातच 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' ही ओळ असते. 'स्टॅटिक' म्हणजे काय ते पुढे सांगू, तूर्तास पाठ करा, असे म्हणून शिकवणारे पुढे जातात. काही आठवड्यांनी विद्यार्थी स्वतःचा क्लास लिहितो, 'मेन'मधून त्यातले एखादे व्हेरिएबल वापरू पाहतो, आणि कंपायलर एरर देतो. मग कोणीतरी सुचवते की त्या व्हेरिएबलच्या आधी 'स्टॅटिक' लिही. एरर जाते, प्रोग्रॅम चालतो, पण उत्तर चुकीचे येते, आणि ते का चुकले हे शोधण्यात अख्खी दुपार जाते. हा लेख त्या दुपारीसाठी लिहिला आहे. 'स्टॅटिक' लिहिण्याआधी 'ही माहिती नेमकी कोणाची?' हा एकच प्रश्न प्रत्येक वेळी विचारण्याची सवय लागावी, एवढा त्याचा हेतू आहे.

उदाहरण गावच्या दूध संकलन केंद्राचे घेऊ. सकाळी शेतकरी दूध घेऊन येतो, दूध मोजले जाते, फॅट तपासली जाते आणि पावती निघते. या पावतीचा क्लास आपण पायरीपायरीने लिहू. पुढील नमुन्यांत जावाचे कीवर्ड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. ते आणि कोडमधील आकडे संगणकावर मात्र रोमन लिपीतच टाइप करावे लागतात. क्लासची व व्हेरिएबलची नावे देवनागरीत ठेवली तरी जावाला चालतात, परंतु फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, जतन केलेली असावी. जेडीके (जावाचे प्रोग्रॅम बनवण्याचा साधनसंच) १८ पासून तेच एन्कोडिंग गृहीत धरले जाते, त्याआधीच्या आवृत्तीवर, विशेषतः विंडोजमध्ये, कंपायलरला ते वेगळे सांगावे लागते.

पायरी १: प्रत्येकाचे वेगळे काय, ते आधी लिहा

क्लास पावती {
    इंट सभासद;
    डबल लिटर;
    डबल फॅट;
}

या क्लासमध्ये 'स्टॅटिक' कुठेच नाही. 'न्यू पावती' असे तीनदा लिहिले की मेमरीत तीन स्वतंत्र ऑब्जेक्ट तयार होतात आणि प्रत्येकाला स्वतःचा सभासद क्रमांक, स्वतःचे लिटर व स्वतःची फॅट मिळते. एका पावतीवरील लिटर बदलले म्हणून दुसरीवरील बदलत नाही. ऑब्जेक्टच नसेल, तर 'लिटर किती?' या प्रश्नाला अर्थही नाही, कारण कोणाचे लिटर, हेच ठरलेले नाही. नुसत्या कोऱ्या नमुन्याला दूध किती, असे कोणी विचारत नाही. हे नीट मनात बसले की पुढे येणारी एरर आपोआप समजते.

पायरी २: सर्वांचे मिळून एकच काय, ते शोधा

आता प्रत्येक पावतीला १, २, ३ असा अनुक्रमांक द्यायचा आहे. त्यासाठी आतापर्यंत किती पावत्या निघाल्या हे कुठेतरी लिहून ठेवले पाहिजे. नवशिका येथे सहजपणे 'इंट एकूण = ०' असे साधे व्हेरिएबल क्लासमध्ये घालतो आणि कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये, ते एकने वाढवतो. असे केल्यास प्रत्येक पावतीवर क्रमांक १ छापला जातो. प्रत्येक नव्या ऑब्जेक्टबरोबर 'एकूण'ची नवी प्रत जन्माला येते, ती शून्यापासून सुरू होते आणि एकवर थांबते. शंभर पावत्या, शंभर वेगळ्या मोजण्या आणि शंभर वेळा एक.

मोजणी ही कोणत्याही एका पावतीची नाही, ती सर्व पावत्यांची मिळून आहे. म्हणून ती ऑब्जेक्टकडे न ठेवता, आधी 'स्टॅटिक' लिहून, क्लासकडे ठेवायची:

क्लास पावती {
    स्टॅटिक इंट एकूण = ०;

    इंट क्रमांक;
    इंट सभासद;
    डबल लिटर;
    डबल फॅट;

    पावती(इंट स, डबल लि, डबल फॅ) {
        एकूण = एकूण + १;
        क्रमांक = एकूण;
        सभासद = स;
        लिटर = लि;
        फॅट = फॅ;
    }
}

'एकूण' आणि 'क्रमांक' ही दोन व्हेरिएबल येथे शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांतला फरक थांबून पाहण्यासारखा आहे. 'एकूण' सामायिक आहे, ते पुढे वाढत राहणार. 'क्रमांक' मात्र पावती बनली त्या क्षणी 'एकूण'ची किंमत स्वतःजवळ उतरवून घेतो, आणि नंतर दोनशे पावत्या निघाल्या तरी सातव्या पावतीवर सातच राहतो. सामायिक किंमत चालू असते, ऑब्जेक्टने टिपून घेतलेली किंमत कायम राहते. हा भेद दराच्या बाबतीत पुन्हा लागणार आहे.

पायरी ३: क्लासच्या नावाने हाक मारा

सामायिक सदस्य, म्हणजे क्लासचे स्टॅटिक व्हेरिएबल किंवा मेथड, वापरायला ऑब्जेक्ट लागत नाही. क्लासचे नाव, टिंब आणि सदस्याचे नाव एवढे पुरते: 'पावती.एकूण'. एकही पावती बनवण्याआधी ही किंमत छापून पाहा, शून्य येईल. तीन पावत्या बनवून पुन्हा छापा, तीन येईल. हा छोटा प्रयोग नुसता वाचून सोडू नये, स्वतः टाइप करून चालवावा, कारण ऑब्जेक्ट नसतानाही उत्तर मिळते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

असे सदस्य नकळत आपण आधीपासून वापरत असतो. दोन संख्यांतील मोठी शोधण्यासाठी 'मॅथ.मॅक्स' लिहिताना कोणी 'न्यू मॅथ' करत नाही, आणि करायचे म्हटले तरी करता येत नाही, कारण 'मॅथ' क्लासचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट, म्हणजे क्लासबाहेरून वापरता न येणारा, ठेवलेला आहे. 'मॅथ.पाय' ही किंमतही तशीच क्लासची आहे. मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करणारी 'इंटिजर.पार्सइंट' हीसुद्धा स्टॅटिक मेथड आहे. तिची एक गोष्ट मराठी वाचकाला आवडेल: तिला देवनागरी अंकांत लिहिलेला "१२" हा मजकूर दिला, तरी ती बारा ही संख्या परत करते. 'डबल.पार्सडबल' मात्र देवनागरी अंक स्वीकारत नाही, त्यामुळे "४.५" असे देवनागरीत भरलेले लिटर वाचायचे असल्यास अंक आधी बदलून घ्यावे लागतात.

जावामध्ये सामायिक सदस्य ऑब्जेक्टच्या नावानेही वापरता येतो, म्हणजे 'प' ही पावती असेल तर 'प.एकूण' चालते. हे टाळावे. वाचणाऱ्याला ही त्या एका पावतीचीच गोष्ट आहे असे वाटते, आणि प्रत्यक्षात जावा ते ऑब्जेक्ट बघतही नाही. 'प'मध्ये नल असले, म्हणजे कोणतेच ऑब्जेक्ट नसले, तरी 'प.एकूण' कोणतीही एरर न देता उत्तर देते. सी शार्पने तर ही लकब भाषेतूनच बाद केली आहे. तेथे ऑब्जेक्टमार्फत सामायिक सदस्य मागितल्यास कंपायलर अडवतो, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

पायरी ४: सामायिक मेथड लिहा आणि तिची मर्यादा ओळखा

'एकूण' बाहेरून कोणीही बदलू नये म्हणून ते प्रायव्हेट करावे आणि वाचण्यासाठी एक मेथड द्यावी:

स्टॅटिक इंट निघालेल्या() {
    रिटर्न एकूण;
}

आता बाहेरून 'पावती.निघालेल्या()' असे लिहिले की मोजणी मिळते. या मेथडमध्ये 'लिटर' वापरून पाहा. कंपायलर म्हणेल: नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल लिटर कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट. हे वाक्य भीतिदायक दिसते, पण त्यात पहिल्याच पायरीवरचा प्रश्न विचारलेला आहे: कोणाचे लिटर? साध्या मेथडला ज्या ऑब्जेक्टवर बोलावले ते ऑब्जेक्ट 'धिस' या नावाने मिळते. क्लासच्या नावाने बोलावलेल्या मेथडला कोणतेच ऑब्जेक्ट मिळत नाही, म्हणून तिच्यात 'धिस' नसतो आणि ऑब्जेक्टचे सदस्य थेट वापरता येत नाहीत. उलट दिशेने अडचण नाही, कारण साधी मेथड सामायिक सदस्य बिनदिक्कत वापरू शकते. पावतीला आपले पावतीपुस्तक माहीत असते, पण पुस्तकाला 'तुझे लिटर किती' असे विचारता येत नाही. कोणती पावती ते आधी सांगावे लागते. तसे सांगितले, म्हणजे स्टॅटिक मेथडला एखादी पावती पॅरामीटर म्हणून दिली, तर तिचे लिटर तिला खुशाल वाचता येते.

'मेन' स्टॅटिक का, याचेही उत्तर येथेच आहे. प्रोग्रॅम सुरू होताना एकही ऑब्जेक्ट अस्तित्वात नसते, आणि सुरुवात तर कुठून तरी करायलाच हवी, म्हणून जावाचे यंत्र क्लासच्या नावानेच 'मेन'ला हाक मारते. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ पासून 'मेन' स्टॅटिक नसली तरी चालते. अशा वेळी यंत्र स्वतःच त्या क्लासचे एक ऑब्जेक्ट बनवते आणि त्यावर 'मेन' चालवते. जुन्या आवृत्त्या अजून सर्वत्र वापरात असल्यामुळे दोन्ही रीती ओळखीच्या असाव्यात.

पायरी ५: एरर घालवण्यासाठी 'स्टॅटिक' लिहू नका

सर्वाधिक नुकसान या पायरीवर होते. प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीच्या पडद्यावर मी हे पाहिले आहे. तिने तीन पावत्या बनवल्या होत्या, ४.५, ६ आणि ३ लिटरच्या. छापताना तिन्ही पावत्यांवर ३ लिटर येत होते. छापणारी ओळ तिने चार वेळा पुन्हा लिहिली होती, लूप बदलून पाहिला होता, आणि सगळे बरोबर दिसत असूनही उत्तर तेच होते. दोष छापण्यात नव्हताच. 'मेन'मधून लिटर थेट वापरताना आलेली एरर घालवण्यासाठी तिने 'लिटर'च्या आधी 'स्टॅटिक' लिहिले होते. त्यामुळे मेमरीत लिटरसाठी एकच जागा उरली. पहिल्या पावतीने तेथे ४.५ लिहिले, दुसरीने ते पुसून ६ लिहिले, तिसरीने ३ लिहिले, आणि नंतर तिन्ही पावत्या त्याच एका जागेकडे पाहून उत्तर देत होत्या. ज्याने सहा लिटर दूध घातले त्याच्या हाती तीन लिटरची पावती पडणार होती.

योग्य उपाय असा की 'मेन'मध्ये आधी ऑब्जेक्ट बनवावे आणि त्याच्याकडे लिटर मागावे:

पावती प = न्यू पावती(१४, ४.५, ३.८);
सिस्टम.आउट.प्रिंटएलएन(प.लिटर);

कंपायलर 'स्टॅटिक' लिहा असे कधीच म्हणत नाही. तो फक्त कोणते ऑब्जेक्ट, एवढे विचारत असतो. प्रत्येकाची किंमत वेगळी असू शकते असे व्हेरिएबल स्टॅटिक केले की एरर जाते, आणि तिच्याबरोबर चूक दाखवणारी एकमेव खूणही जाते. म्हणून ही चूक एररपेक्षा वाईट आहे.

पायरी ६: न बदलणारे आणि बदलणारे वेगळे करा

महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) हे मूळ प्रमाण धरून सांगितला जातो. हे आकडे प्रोग्रॅम चालू असताना बदलत नाहीत आणि सर्व पावत्यांना सारखेच लागू असतात, तेव्हा ते 'स्टॅटिक फायनल' करावेत. 'फायनल'मुळे एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलता येत नाही. रोमन लिपीत अशा स्थिरांकांची नावे मोठ्या अक्षरांत व शब्दांमध्ये अधोरेषा घालून लिहिण्याचा प्रघात आहे. येथे एक खबरदारी घ्यावी: अशा स्थिरांकाची किंमत कंपायलर तो वापरणाऱ्या दुसऱ्या क्लासमध्ये थेट उतरवतो. त्यामुळे आकडा कधी सुधारला तर केवळ तोच क्लास नव्हे, तर तो वापरणारे सर्व क्लास पुन्हा कंपाइल करावेत, अन्यथा एका ठिकाणी नवा आणि दुसऱ्या ठिकाणी जुना आकडा राहतो.

दराची गोष्ट मात्र निराळी आहे. आजचा दर सर्व शेतकऱ्यांना एकच, म्हणून 'स्टॅटिक डबल दर' असे लिहिणे पहिल्या नजरेला बरोबर वाटते. समजा दर लिटरला ३४ रुपये आहे आणि पावतीतील 'रक्कम' ही मेथड लिटरला या सामायिक दराने गुणते. सहा लिटरच्या पावतीची रक्कम २०४ रुपये येते. दहा दिवसांनी दर ३५ होतो, कोणी 'पावती.दर = ३५' करतो, आणि तीच जुनी पावती पुन्हा छापली की तिच्यावर २१० रुपये येतात. कोडमध्ये एरर नाही, गुणाकार चुकलेला नाही, तरी पंधरवड्याचा हिशेब जुळत नाही. आजचा दर सर्वांचा असतो हे खरे, पण दूध घातले त्या दिवशीचा दर त्या पावतीचा असतो. म्हणून 'चालूदर' सामायिक ठेवावा आणि कन्स्ट्रक्टरमध्ये त्याची किंमत पावतीच्या स्वतःच्या 'लागूदर' या साध्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यावी, जशी क्रमांकाच्या वेळी उतरवली होती. रक्कम नेहमी 'लागूदर' वापरूनच काढावी. 'सामायिक आहे का?' एवढेच विचारून भागत नाही, 'कधी सामायिक आहे?' हेही विचारावे लागते.

पायरी ७: सामायिक व्हेरिएबलचे आयुष्य लक्षात ठेवा

क्लास पहिल्यांदा प्रत्यक्ष वापरला जातो तेव्हा त्याचे सामायिक सदस्य एकदाच, लिहिलेल्या क्रमाने, तयार होतात आणि सर्वसाधारण प्रोग्रॅममध्ये तो संपेपर्यंत टिकतात. यातून दोन गोष्टी निघतात. सायंकाळी प्रोग्रॅम बंद करून सकाळी पुन्हा सुरू केला की 'एकूण' शून्यावर येते आणि कालचेच क्रमांक पुन्हा छापले जातात. केंद्रावर दोन संगणक असतील तर दोन्हींवर स्वतंत्र मोजणी चालते. सामायिक म्हणजे एका चालू प्रोग्रॅमपुरते सामायिक, त्यापलीकडे नव्हे. कायमचा क्रमांक हवा असल्यास तो फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्येच ठेवला पाहिजे. तसेच सामायिक यादीत पावत्या भरत राहिल्यास त्या मेमरीतून सुटत नाहीत, कारण क्लास त्यांना धरून बसलेला असतो.

एकाच प्रोग्रॅममध्ये दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे दोन प्रवाह, पावत्या बनवत असतील तर आणखी एक अडचण येते. 'एकूण = एकूण + १' ही एक ओळ असली तरी कामे तीन आहेत: वाचणे, वाढवणे, परत लिहिणे. दोन्ही थ्रेडनी एकाच वेळी ४१ वाचले, तर दोघेही ४२ लिहितात आणि एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघतात. यासाठी साध्या 'इंट'ऐवजी 'ॲटॉमिकइंटिजर' वापरावा आणि त्याच्या 'इन्क्रिमेंटअँडगेट' या मेथडने आलेली किंमतच क्रमांक म्हणून घ्यावी.

इतर भाषांत जाताना

कल्पना तीच राहते, लिहिण्याची रीत बदलते. सी++ मध्ये टिंबाऐवजी क्लासच्या नावापुढे अपूर्णविरामाची दोन चिन्हे देतात. तेथे सामायिक व्हेरिएबल क्लासमध्ये केवळ जाहीर होते आणि त्याची व्याख्या क्लासबाहेर एकदा लिहावी लागते, सी++ १७ पासून मात्र 'इनलाइन' लिहून ती क्लासमध्येच देता येते. कोटलिनमध्ये 'स्टॅटिक' हा कीवर्डच नाही, त्याऐवजी 'कंपॅनियन ऑब्जेक्ट' असतो. पायथनमध्ये क्लासच्या आत थेट लिहिलेले व्हेरिएबल सामायिक असते, पण तेथे एक खड्डा आहे. 'सेल्फ.एकूण += १' असे लिहिले की पायथन सामायिक किंमत वाचतो, एक मिळवतो आणि उत्तर त्या ऑब्जेक्टवर नव्याने ठेवतो. क्लासची मोजणी शून्यच राहते आणि प्रत्येक पावतीला पुन्हा १ क्रमांक मिळतो. तेथे 'पावती.एकूण += १' असे क्लासचे नाव घेऊनच लिहावे.

पायरी ८: उत्तर बदलले तर कोड बदला

आता असे समजा की संस्थेने शेजारच्या वाडीत दुसरे केंद्र उघडले, आणि तेथील पावत्यांना स्वतःचे क्रमांक १ पासून हवे आहेत. आपली मोजणी 'पावती' क्लासमध्ये स्टॅटिक आहे, म्हणजे संपूर्ण प्रोग्रॅममध्ये एकच आहे, आणि दोन्ही केंद्रांचे क्रमांक एकमेकांत मिसळतात. चाचण्या लिहिणाऱ्यालाही हाच त्रास आधी जाणवलेला असतो: पहिली चाचणी तीन पावत्या बनवते, दुसरी चाचणी क्रमांक १ ची अपेक्षा करते आणि तिला ४ मिळतो.

येथे 'स्टॅटिक'ला ठिगळे लावत बसू नये. मोजणी कोणाची, या प्रश्नाचे उत्तरच आता बदलले आहे: ती सर्व पावत्यांची नसून एका केंद्राच्या पावतीपुस्तकाची आहे. तेव्हा 'पावतीपुस्तक' असा नवा क्लास लिहावा, 'एकूण' त्यात साधे, स्टॅटिक नसलेले व्हेरिएबल म्हणून हलवावे, 'निघालेल्या' ही मेथडही 'स्टॅटिक' काढून तेथेच न्यावी आणि 'नवीपावती' ही मेथड त्याला द्यावी. ती आधी 'एकूण' एकने वाढवील आणि तो क्रमांक पावतीच्या कन्स्ट्रक्टरला पाठवील. दोन केंद्रांसाठी पावतीपुस्तकाची दोन ऑब्जेक्ट बनवावीत आणि प्रत्येक चाचणीत एक नवे कोरे पुस्तक घ्यावे. 'पावती' क्लासमध्ये मग ३.५ आणि ८.५ हे दोन स्थिरांक आणि 'चालूदर' तेवढे स्टॅटिक उरतात. 'चालूदर'ही तेथून हलवावा का, हे दोन्ही केंद्रांचा दर एकच आहे की वेगवेगळा, हे संस्थेला विचारूनच ठरवावे.